किती वेळाने विचारायचं

रविवारी दुपारी आप्पा श्रीवर्धनच्या घरी पडवीत बसून मी आणलेलं पान वाचत होते. चष्मा नाकाच्या टोकावर, हातात पेन्सिल. पान एकच होतं, इंग्रजीत, पण त्यांनी त्याला पाऊण तास लावला. समोर खळ्यात सुपारी वाळत पडली होती आणि शेजारची भागूमावशी पायाने ती खालवर करत उन्हातून हळूहळू फिरत होती.

"मोबाइलवर वाचलं की वाचल्यासारखं वाटत नाही," म्हणून त्यांनीच मला प्रिंट काढून आणायला सांगितलं होतं.

मी महाप्याला एका कंपनीत काम करते. काय काम, असं कुणी विचारलं तर मी असं सांगते: बँका, इस्पितळं, कारखाने यांची माहिती टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये नसते. वेगळ्या, थंड खोलीत डिस्कांनी भरलेली कपाटं असतात, नेटवर्कने जोडलेली. एक कपाट एका कंपनीचं, दुसरं दुसऱ्या कंपनीचं, आणि प्रत्येकाची बोली वेगळी. या सगळ्यांना एकाच ठिकाणाहून 'ठीक आहेस ना?' असं विचारता यावं आणि त्यांनी एकाच रीतीने उत्तर द्यावं, यासाठी नियम ठरवावे लागतात. ते ठरवणारी एक समिती आहे. निरनिराळ्या देशांतली वीस-बावीस माणसं, एरवी एकमेकांच्या गिऱ्हाइकांवर टपलेली, दर मंगळवारी आणि बुधवारी संध्याकाळी फोनवर जमतात आणि एकेका शब्दावरून भांडतात. मी त्यांतली एक.

आप्पांना हे सांगावं लागत नसे. म्हसळ्याच्या आतल्या गावातला, भात लावणाऱ्या घरातला हा माणूस रोह्याकडच्या एका रसायन कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात एकतीस वर्षं होता. टेपच्या रिळांपासून सुरुवात झाली आणि शेवटी तीन कंपन्यांची तीन कपाटं त्यांच्या ताब्यात आली. ते त्यांना पेट्या म्हणत. तीन पेट्यांचे तीन पडदे. एखाद्या पेटीने उत्तर दिलं नाही की पडदा लाल व्हायचा आणि घरचा फोन वाजायचा. एकदा गणपतीत आरती चालू असताना ते तबक माझ्या हातात देऊन स्कूटरवर गेले होते. पेटी ठणठणीत होती, नुसती कामात होती. त्यानंतर त्यांनी स्वतःपुरता एक नियम केला, आणि मी या धंद्यात शिरले तेव्हा तो मला दिला. "एकदा उत्तर आलं नाही म्हणजे पेटी मेली नाही. कामात असेल. दुसऱ्यांदा विचार. तिसऱ्यांदाही नाही आलं की मग चप्पल घाल."

त्या पानावर हाच नियम होता. लागोपाठ तीनदा विचारूनही उत्तर आलं नाही, तर त्या यंत्राशी संपर्क तुटला असं समजावं. समितीत मी तो मांडला होता आणि दोन वर्षं लढवला होता.

"हे माझं आहे," आप्पा म्हणाले.

"तुमचंच."

"मग नाव कुठाय?"

"कुणाचंच नसतं आप्पा. माझंही नाहीये."

"बरंय. चूक निघाली तर कुणाचा कान धरायचा ते कळायला नको." त्यांनी पेन्सिल पानावर टेकवली. "पण यात एक राहिलंय."

"काय राहिलं? बावीस जणांनी वाचलंय."

"तीन लिहिलंस. दोनदा विचारण्याच्या मध्ये किती वेळ जायचा, ते कुठाय? दहा सेकंदांनी विचारलंस तर अर्ध्या मिनिटात कळेल. दिवसातून एकदा विचारलंस तर तिसऱ्या दिवशी कळेल. दोन्हीकडे तीनच."

"दिवसातून एकदा कोण विचारतं?"

"लोक काय वाट्टेल ते करतात. तू बघितलं नाहीस, मी बघितलंय."

"ते ज्याचं त्याने ठरवायचं असतं. आम्ही त्यात पडलो तर कंपन्या मान्य करत नाहीत."

"मग अर्धाच नियम झाला," आप्पा म्हणाले आणि पानाच्या कडेला एक बारीक प्रश्नचिन्ह काढलं. मला राग आला. दोन वर्षांचं काम पाऊण तासात अर्धं करून टाकलं म्हणून.

भागूमावशी पायरीवर येऊन टेकली. "बापलेकीची भांडनं चाललीत व्हय? मग मी माजं सांगून घेते. भाऊ, मी मंगळवारी म्हसळ्याला चालले. भाचीची हळद बुधवारी, लगीन बिस्तरवारी. सुकरवारी येते."

"जा की. बघतेस काय माझ्या तोंडाकडे? मी काय तान्हं बाळ आहे?"

"तान्हं बरं. रडून सांगतं तरी."

आप्पा हसले. मीही हसले. मग तिने मला विचारलं, "तू हायस का गो चार दिवस?" आणि मी म्हटलं, "नाही मावशी, उद्या ऑफिस आहे." तिने मान हलवली. "मंग न्हाय जात. भाची काय, कोनाच्याबी अक्षता पडल्या तरी नांदंल."

"भागू, तू गेली नाहीस तर मी ते खळं तुझ्या अंगणात आणून ओतीन," आप्पा म्हणाले. "जा, आणि माझ्या वाटणीचा लाडू आण."

तीनच्या एसटीने मी पनवेलला निघाले. ते फाटकापर्यंत आले. वादळात पडलेल्या चाळीस पोफळींच्या जागी त्यांनी लावलेल्या रोपांपैकी पाच-सहांना यंदा पहिली शिंपुटं, म्हणजे सुपारीचे घोस, धरली होती. ती दाखवायची राहिली, असं म्हणाले. मी म्हटलं, पुढच्या वेळी.

आता आमच्या रोजच्या मिस्ड कॉलविषयी सांगते. आई गेल्यावर आप्पा श्रीवर्धनच्या वाडीत एकटे राहू लागले, तेव्हा ते मला रोज संध्याकाळी फोन करत. पंप, पाटाचं पाणी, गळलेली सुपारी, एसटीची वेळ. ऐकू कमी येत असल्यामुळे ते मोठ्याने बोलत आणि माझं बोलणं त्यांना पोचत नसे. त्याच वेळेला माझ्या मीटिंगा. काही महिन्यांनी मी एक सोय सुचवली. रोज सात वाजून पाच मिनिटांनी त्यांनी एक रिंग द्यायची आणि कापायचं. रिंग आली म्हणजे सगळं ठीक. बोलायचं रविवारी, किंवा मी येईन तेव्हा. "आणि एखाद्या दिवशी विसरलात तर मी लगेच घाबरणार नाही," मी म्हटलं होतं. "तुमचाच नियम. तीन."

त्यांना ते पटलं. निदान ते पटलं असं म्हणाले. सात वर्षांत ते चार वेळा विसरले, आणि चारही वेळा दुसऱ्या दिवशी रिंग आली.

सोमवारी सात-पाचला रिंग आली.

मंगळवारी आली नाही.

मी हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे: ती आली नाही हे मी पाहिलं. समितीची मीटिंग चालू होती, मोबाइल कीबोर्डशेजारी होता. सात-पाच झाले, सात-दहा झाले. मी त्याच्याकडे पाहत होते. माझ्या मनात शब्दसुद्धा आला: एक. फोन उचलून त्यांना लावायला मीटिंगमधला माझा आवाज बंद करण्यापलीकडे काही करावं लागलं नसतं. पण लावला असता तर अर्धा तास गेला असता, प्रश्नचिन्हाचा विषय पुन्हा निघाला असता, आणि मला तो नको होता. नियमाने मला सवलत दिली होती. मी ती घेतली.

बुधवारी, दोन. त्या दिवशी मात्र मी जरा अस्वस्थ होते, आणि अस्वस्थ असण्याचं मला कौतुकही वाटलं, जणू तेवढ्याने काळजी घेऊन झाली. मी जेवले. झोपले.

गुरुवारी सात-पाचला मी फोन लावला. वाजत राहिला. मग झाडावर चढून सुपारी काढणाऱ्या रघूला लावला. तो दोन आळ्या पलीकडे राहतो.

"रघू, जरा आप्पांकडे जाऊन ये. फोन उचलत नाहीत."

"हायत की ताई. पंप चालू हाय, मगाशीच ऐकला. कालबी चालू व्हता."

"तरी जा."

"कवापासून लागत न्हाय फोन?"

यावर मी म्हणाले, "दोन दिवस नेटवर्कच नव्हतं बहुतेक तिकडे."

हे वाक्य मी ठरवून बोलले नाही. ते तोंडात तयार होतं. आमच्याकडे टॉवर सारखा जातो, वादळानंतर तर महिनाभर गेला होता, म्हणून रघू नुसतं "व्हय" म्हणाला आणि गेला.

वाडीच्या टोकाला, विहिरीपाशी ते सापडले. शेवाळलेल्या पायरीवरून पाय घसरला होता. पंप बंद करायला कुणी नव्हतं, म्हणून तो चालूच राहिला होता. वाडीभर घोट्याएवढं पाणी झालं होतं. रस्त्याने जाणारे सगळे पंपाचा आवाज ऐकून दत्ताभाऊ, म्हणजे आप्पा, कामात आहेत असं समजत होते. मोबाइल घरात चार्जिंगला होता.

शुक्रवारी डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं, पण दार उघडं होतं आणि बाहेर उभ्या असलेल्यांनी ऐकलं. मांडीचं हाड मोडलं होतं. पडले मंगळवारी दुपारी असावेत. गेले ते बुधवारी, संध्याकाळच्या पुढे. "मधला वेळ शुद्धीत होते का?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, काही वेळ असतील. मग म्हणाले, "हाका मारल्या असतील, पण जवळ कुणी नव्हतं ना."

जवळ म्हणजे भागूमावशीचं घर. विहिरीपासून कुंपणापलीकडे वीस पावलांवर.

ती दुपारी म्हसळ्याहून आली तेव्हा तिच्या पिशवीत लाडू होते. तिला कुणीतरी स्टँडवरच सांगितलं होतं, डॉक्टरांच्या वाक्यासकट. ती घरात आली नाही. अंगणात उभी राहून म्हणाली, "मी गेले नसते तर आयकलं असतं." सगळ्यांच्या समोर. कुणी नाही म्हटलं नाही. मीही नाही.

दहाव्याला काकांच्या मुलाने समुद्राकाठी पिंड ठेवले. कावळे सुरूच्या झाडांवर बसून होते, खाली एकही उतरेना. अशा वेळी जे होतं ते झालं. ज्याच्या मनात जे येईल ते त्याने मोठ्याने सांगायचं. काका म्हणाले, वाडी विकणार नाही. रघू म्हणाला, नव्या पोफळी मी बघीन भाऊ, काळजी करू नका. माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं. मी म्हणाले, आप्पा, मी दर महिन्याला येईन. कावळे हलले नाहीत. ऊन चढायला लागलं. भटजी म्हणाले, "आणखी काही राहिलंय का बघा. मनात ठेवू नका."

माझ्या मनात काय होतं ते मला माहीत होतं. मी कावळ्यांवर विश्वास ठेवणारी नाही. त्या क्षणी मात्र मी ओठ घट्ट मिटून उभी होते, जणू कावळ्यालाच ऐकू जाईल.

तेवढ्यात बायकांच्या मागून भागूमावशी पुढे आली. वाळूत गुडघ्यांवर बसली. "भाऊ, चुकले मी. तुमी जा म्हनलात तरी मी जायाला नको व्हतं. लगीन काय, माज्याबिगरबी झालं असतं. आता कुटं जानार न्हाय. तुमाला टाकून गेले, पदरात घ्या."

आणि एक कावळा उतरला. चोच मारून, तुकडा घेऊन गेला. मागोमाग दुसरा.

त्याला भूक लागली होती, एवढंच. दोन तास सगळ्यांना बघून तो कंटाळला असेल. पण तिथे उभ्या असलेल्या पन्नास माणसांना जे कळायचं ते कळलं. कुणीतरी 'बघा' म्हणालं. परत येताना बायका भागूमावशीपासून चार पावलं लांब चालत होत्या. तेराव्याच्या पंगतीला ती आली, पान मांडलं गेलं, ती त्यासमोर बसली आणि एक घासही न घेता उठली. तेव्हाही मी वाढत होते. तिच्या पानात मीच भात वाढला होता.

मी महाप्याला परतले. कामावर जाऊ लागले. लोकांनी सांत्वन केलं, ते नीट केलं. समितीत मसुद्याची शेवटची फेरी चालू होती आणि आमच्या कंपनीकडून येणाऱ्या सूचना गोळा करायचं काम निकेतकडे होतं. निकेत माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, हुशार, थोडा तोंडाळ.

"मॅडम, तुम्ही तुमच्याच कलमावर सूचना टाकलीय," तो खुर्ची ओढून म्हणाला. "दोन वर्षं समितीतल्या त्या जर्मनबुवांशी भांडलात की वेळ आम्ही ठरवणार नाही, आणि आता म्हणताय दोन विचारण्यांतलं अंतर सक्तीचं करा? तो मला जिवंत सोडेल का?"

"कर एवढं."

"करतो हो. पण कारणाचा रकाना आहे. काय लिहू? प्रत्यक्ष वापरात काही घडलंय का? तसं असलं तर एका मिनिटात मान्य होईल. घटना सांगा फक्त."

मी पडद्यावर मसुदा उघडून खाली सरकवत गेले. आमच्या मसुद्यात यंत्रांच्या अवस्थांचा एक तक्ता आहे. ज्याच्याशी कधी संपर्कच झाला नाही ते यंत्र वेगळं, आणि ज्याच्याशी आधी नीट संपर्क होता पण आता उत्तर येत नाही ते वेगळं. या दोन्हींना वेगळे शब्द हवेत म्हणून एका वर्षी आम्ही तीन बैठका घालवल्या होत्या. तक्त्यात तिसरी एक अवस्था नाही: विचारायला हवं होतं, पण विचारलंच नाही. ती यंत्राची अवस्था नव्हेच. तिच्यासाठी विचारणाऱ्याचा तक्ता करावा लागेल.

"मॅडम?"

"घटना काही नाही," मी म्हटलं. "भाषेची दुरुस्ती असं लिही."

"मग कुणी विचारणारसुद्धा नाही," निकेत खूश होऊन म्हणाला. "सरळ पास."

आणि ती पास झाली. एका बुधवारी संध्याकाळी, चार मिनिटांत, कुणीही हरकत न घेता. जर्मनबुवा म्हणाले की हे आधीच असायला हवं होतं. सगळ्यांनी माझे आभार मानले. मी आवाज बंद केला आणि थोडा वेळ टेबलावर डोकं टेकून बसले. चुकलेलं कलम नीट झालं होतं. आता ते जगातल्या कुठल्याही थंड खोलीत चुकणार नव्हतं. श्रीवर्धनमध्ये मात्र एक बाई माझ्या जागी उभी होती.

महिन्याच्या श्राद्धाला मी गेले. वाडी चिखलातून बाहेर आली होती. नव्या पोफळींची सुपारी रघूने उतरवून ठेवली होती, मला दाखवायला. भागूमावशी दिसली नाही. मी विचारलं तेव्हा रघू म्हणाला, "ती आपल्या वाडीत पाय ठेवत न्हाय ताई. आनि आता रोज दिवेलागनीला आळीत फिरते. जिथं म्हातारं मानूस एकटं हाय, त्याच्या दारात हुबी ऱ्हाऊन हाक मारते. 'हायस ना?' म्हनून. उत्तर येस्तवर हलत न्हाय. पोरं तिची नक्कल करतात."

"आणि मोठी माणसं?"

रघू हातातल्या सुपारीवरची माती अंगठ्याने पुसत राहिला.

"कुठे आहे ती आत्ता?"

"सगुनाबायच्या अंगनात. सोलायला."

सगुणाबाई आळीतली सुपारी सोलून देण्याचं काम घेते. तिच्या अंगणात मांडवाच्या सावलीत सात-आठ बायका ओळीने बसल्या होत्या, प्रत्येकीपुढे वाळलेल्या सुपारीचा ढीग. भागूमावशी ओळीत नव्हती. जरा बाजूला, उन्हाच्या कडेला बसली होती. महिन्याभरात तिचे दंड निम्मे झाले होते. सुपारी धरायची, सोलायची, टाकायची, हात थांबत नव्हते.

"ये गो मृणाल," सगुणाबाई म्हणाली. "बस. पानी आना रे कुनीतरी. जेवनं झाली का?"

"झाली."

"कावळा शिवला का आज?"

"शिवला."

"शिवनारच," ती म्हणाली आणि आवाज जरा चढवला. "ज्याला बोलायचं व्हतं ते बोलून मोकळं झालंय. काय गो भागू? औंदा आनि कुटं लगीन हाय का? सांग बाई, आमी आपापल्या म्हाताऱ्यांना आदीच सांगून ठेवतो, पंप बंद करा म्हनून."

दोघी-तिघी हसल्या. एक जण खाली मान घालून नुसती सोलत राहिली. भागूमावशीने वर पाहिलंसुद्धा नाही. तिने पुढची सुपारी उचलली.

"सगुणाकाकू, तिला बोलू नका," मी म्हटलं.

"मी कुटं बोलले? तीच बोलली. समुद्रावर, पन्नास मानसांत. आमी काय तिच्या तोंडात घातलं?" सगुणाबाई खरोखरच दुखावल्यासारखी झाली. "तुजा बाप गेला पोरी, म्हनून आमाला वाईट वाटतं. तू चांगली म्हनून गप ऱ्हायलीस. दुसरी असती तर हिला दारात हुबं केलं नसतं."

तू चांगली म्हणून गप्प राहिलीस. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या, मायेने. घरी जाता आलं असतं. एसटी चारची होती. मी भागूमावशीला एकटीला गाठून, तिच्या घरात, दार लावून सांगितलं असतं तरी तिने मला जवळ घेतलं असतं आणि कुणाजवळही बोलली नसती. मला माहीत होतं. पुढच्या वर्षीही तिला असंच विचारलं गेलं असतं, लगीन कुटं हाय म्हणून.

मी तिच्यासमोर जाऊन जमिनीवर बसले.

"मावशी."

"हात काळे हायत माजे," ती म्हणाली. "लांब बस. साडी खराब होईल."

"मावशी, तू गेलीस म्हणून नाही."

"ऱ्हाऊ दे गो."

"ऐक. मला बोलायचंय."

मागच्या बायकांना ऐकू गेलं नसेल, म्हणून मी मान वळवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, मोठ्याने, आप्पा फोनवर बोलायचे तसं.

"तू गेलीस म्हणून नाही. टॉवर बंद नव्हता. ते मी रघूला खोटं सांगितलं. ते मला रोज सात-पाचला एक रिंग द्यायचे, ठीक आहे म्हणून. मंगळवारी ती आली नाही. मी फोनकडे बघत होते. मला तेव्हाच कळलं, तुम्हा कुणाला काही कळायच्या आधी. तेव्हा ते जिवंत होते. बुधवारीही रिंग आली नाही, तेही मला कळलं. रघूचा नंबर माझ्याकडे होता. तुला कुणी काही सांगितलं नव्हतं मावशी. मला त्या न आलेल्या रिंगने सांगितलं होतं. मी फोन केला नाही. त्यांच्याशी बोलायचा मला कंटाळा आला होता."